तुमच्या मताचं मूल्य १७५, आमच्या मताची तारीख कधी?

प्रति,
सातारा जिल्ह्यातील आठ सन्माननीय विधानसभा सदस्य
(फलटण, वाई, कोरेगाव, माण, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण, सातारा)

कराड तालुका, गुरुपौर्णिमा, १३ जुलै २०२२

साहेब, राजे, आबा, बाबा, भाऊ, ज्या ज्या नावानं कार्यकर्ते तुम्हाला हाक मारतात ती सगळी इथं आली असं समजा. सविनय नमस्कार.

येत्या सोमवारी, १८ जुलैला, विधानभवनात राष्ट्रपतिपदाचं मतदान आहे. तुमच्या हातात गुलाबी मतपत्रिका येईल, खासदारांची हिरवी असते. निवडणूक आयोगानंच दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननं तुम्ही पसंतीक्रमाचा आकडा घालाल, बाहेर येऊन कॅमेऱ्यांना दोन शब्द द्याल आणि रात्रीपर्यंत बहुतेक जण घाट चढून घरी याल. त्या एका मताचं मूल्य १७५. हे १७५ आले कुठून, ते टीव्हीवर फारसं कोणी सांगत नाही. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे राहवत नाही.

१९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. तिला २८८ आमदारांनी भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा हजारानं भागायचं. १७५ येतात, वर किरकोळ अपूर्णांक राहतो तो सोडून द्यायचा. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे असेच २०८ होतात आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७. लोकसंख्या १९७१ चीच का, तर ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून घटनादुरुस्ती करून तो आकडा गोठवला. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत तो तसाच राहणार आहे.

तेव्हा हे १७५ ना तुमच्या कर्तबगारीचे, ना तुमच्या पक्षाचे. ती आमची डोकी आहेत, हजाराला एक या भावानं. १९७१ साली मी आठवीत होते, म्हणजे त्या शिरगणतीत मीही आहे. गंमत अशी, की पुढं माझ्या वर्गात पाढे पाठ करून गेलेलं जवळजवळ एकही पोर त्या हिशेबात नाही, आणि त्यातलीच काही पोरं आज तुमच्यासाठी बूथ सांभाळतात. तुम्हा आठ जणांचे मिळून १४०० होतात. शेजारच्या सांगलीचेही आमदार आठच, म्हणजे त्यांचेही तेवढेच.

हा मान किती दुर्मीळ आहे तेही बघा. उद्धव ठाकरे यांनी काल भाजप आघाडीच्या उमेदवार द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला, सगळ्या वाहिन्यांवर दिवसभर तेच चाललं होतं. पण ठाकरे यांना स्वतःला या निवडणुकीत मत नाही, कारण ते विधान परिषदेचे सदस्य. आपल्या फलटणचे रामराजे गेल्या आठवड्यापर्यंत परिषदेचे सभापती होते, त्यांनाही नाही. राष्ट्रपतींनी नेमलेल्या राज्यसभेच्या सदस्यांना नाही. तुम्हाला आहे, ते केवळ आम्ही २०१९ च्या ऑक्टोबरात पावसापाण्यात रांगा लावून बटण दाबलं म्हणून. ते साल साताऱ्यात कोणी विसरलेलं नाही, त्या पावसात काय काय वाहून गेलं तेही नाही.

आता मुद्द्यावर येते.

गेल्या सव्वा महिन्यात तुम्ही किती वेळा मतदान केलंत ते मोजलंय का कधी? १० जूनला राज्यसभा. २० जूनला विधान परिषद. त्याच रात्री काही मंडळी सुरतेच्या वाटेला लागली. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षांची निवड, तीही जागेवर उभं राहून शिरगणतीनं. ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव. आणि आता १८ जुलैला राष्ट्रपती. चाळीस दिवसांच्या आत पाच मतदानं. मधल्या काळात कोण हॉटेलात होतं, कोण गुवाहाटीला होतं, हे मी उगाळत बसणार नाही. पाटण आणि कोरेगावच्या मतदारांनी आपापल्या आमदारांचा पत्ता त्या दिवसांत टीव्हीवरच शोधला, एवढं नोंदवून पुढं जाते.

आणि आम्ही? सातारा जिल्हा परिषदेची मुदत २० मार्चला संपली. दुसऱ्या दिवसापासून मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक. जिल्ह्यातल्या अकरा पंचायत समित्यांत गटविकास अधिकारी प्रशासक. साताऱ्याच्या आणि कराडच्या नगरपालिकेवर तर त्याच्याही आधीपासून. सांगलीकडं महापालिकेची मुदत शिल्लक आहे म्हणून तेवढी वाचली, बाकी जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची गत तीच. गावात ग्रामपंचायत आहे, मुंबईत तुम्ही आहात, मधला सगळा जिना काढून ठेवलाय.

एक गोष्ट मला फार दिवस सलते आहे. संविधानाचं ६२ वं कलम सांगतं, की राष्ट्रपतींची मुदत संपायच्या आत नव्या राष्ट्रपतींची निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. कोविंद यांची मुदत २४ जुलैला संपते, म्हणून १८ ला मतदान, २१ ला मोजणी, २५ ला शपथ. एका दिवसाची ढिलाई नाही. कालपासून दिल्लीहून राज्याराज्यांत मतपेट्या निघाल्या आहेत. त्या पेटीचं विमानात स्वतंत्र तिकीट काढतात, ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावानं, आणि ती अधिकाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून प्रवास करते. वाचून हसू आलं, पण कौतुकही वाटलं. निवडणूक वेळेवर घ्यायचीच असं ठरवलं की व्यवस्था कुठपर्यंत विचार करते!

त्याच संविधानात २४३-ई हे कलम आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं आलेलं. ते सांगतं, की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. घटनेच्या भाषेत पंचायत म्हणजे जिल्हा परिषदही आली. दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचा. वाक्याची ठेवण तीच, सक्ती तीच. एका वाक्यासाठी मतपेटी विमानात बसते, आणि दुसऱ्या वाक्यासाठी आम्ही मार्चपासून ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे ऐकतोय.

मला माहीत आहे, तुम्ही लगेच ओबीसी आरक्षणाचं नाव काढाल. काढा. तो प्रश्न खरा आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की मागासलेपणाची नीट आकडेवारी, त्यासाठी आयोग आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा, एवढं पाळल्याशिवाय हे आरक्षण देता येणार नाही. माळी, धनगर, कुंभार, न्हावी, कोष्टी घरांतली माणसं जिल्हा परिषदेत दिसू लागली ती याच आरक्षणामुळे, आणि ते गेलं तर पुन्हा ठरावीक वाड्यांचीच सत्ता येईल हे कळायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. पण मला सांगा, मार्च २०२१ ते मार्च २०२२ हे पूर्ण वर्ष हातात होतं. तेव्हाचे सत्ताधारी म्हणायचे केंद्र आकडे देत नाही, तेव्हाचे विरोधक म्हणायचे राज्य आकडे गोळा करत नाही. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल आला तो आत्ता, याच महिन्यात. आणि यंदाच्या मार्चमध्ये, मुदत संपायला जेमतेम दोन आठवडे असताना, विधिमंडळानं कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडं घेतले. तो कायदा एकमतानं मंजूर झाला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्या दिवशी एका सुरात होते. त्यात तुम्ही आठही जण आलात, कारण तुम्ही चार पक्षांचे आहात: तीन राष्ट्रवादीचे, दोन भाजपचे, दोन शिवसेनेचे, एक काँग्रेसचे. निवडणूक लांबवताना एकमत होतं. मग ती घ्यायला लावताना का होऊ नये?

राज्य निवडणूक आयोगानं गेल्या शुक्रवारी राज्यातल्या ९२ नगरपरिषदा आणि ४ नगरपंचायतींसाठी १८ ऑगस्टची तारीख जाहीर केली आहे. ती टिकेल का, हे मी कोणाला विचारलं तरी उत्तर हसूनच मिळतं. जिल्हा परिषदेचं तर नावच नाही.

प्रशासक आल्यानं बिघडलं काय, असं तालुक्याच्या ठिकाणी राहणारे विचारतात. रस्ते होतात, पगार होतात, उलट राजकारण कमी झालं म्हणतात. गावात राहणाऱ्याला काय होतं ते एका शाळेवरून सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मग तिथल्या मुख्याध्यापकांना खुलासा मागवतील.

चार खोल्यांची शाळा. त्यातली एक जुनी, कौलारू. वाशांना वाळवी लागलेली, आढं मधोमध वाकलेलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हापासून तिच्या दाराला बाहेरून साखळी आहे आणि दारावर खडूनं लिहिलंय, ‘धोकादायक, आत जाऊ नये’. झड आली की अक्षरं पुसतात. मुख्याध्यापक सकाळी परिपाठाआधी पुन्हा लिहितात. त्या खोलीतली तिसरी-चौथीची पोरं व्हरांड्यात बसतात, पावसाची तिरीप आली की दप्तरं भिंतीकडं सरकवतात, आणि पहिलीच्या खिडकीतून आतली बाराखडी ऐकत ऐकत भागाकार करतात. खोली पाडायची तर आधी तिचं निर्लेखन व्हावं लागतं, म्हणजे सरकारी दप्तरातून ती रीतसर कमी करावी लागते. निर्लेखन झाल्याशिवाय पाडता येत नाही, पाडल्याशिवाय नवी खोली मंजूर होत नाही. आणि निर्लेखनाचा प्रस्ताव तालुक्याच्या टेबलावरून जिल्ह्याच्या टेबलावर जाऊन परत आला, कारण एका तक्त्यावर बांधकामाचं साल नव्हतं. ते साल आता कोणाला माहीत? गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलं.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतल्या शाळेचं हेच झालं होतं. तेव्हा जिल्हा परिषदेच्या आमच्या गटातून निवडून आलेल्या बाई फाइल घेऊन थेट जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या. त्यांच्याबद्दल गावात बोललं जायचं की सही यांची आणि कारभार यजमानांचा, आणि सुरुवातीला ते बऱ्यापैकी खरंही होतं. पण त्या दिवशी यजमान उसाच्या टोळीमागं होते, त्यामुळे बाई एकट्याच एसटीनं गेल्या. सभेत उभ्या राहिल्या, भाषण येत नव्हतं म्हणून मोबाइलमधला कोसळलेल्या आढ्याचा फोटोच शेजारच्या सदस्यांकडून फिरवला. पंधरा दिवसांत अभियंता वाडीत आला. बाईंना जिल्हा परिषद कळली ती त्या दिवसापासून. पुढं यजमान मागं आणि त्या पुढं, असं चालू झालं.

आता त्या बाई घरी आहेत. फाइल घेऊन जायचं तर मुख्याध्यापकांनी जायचं, शाळा सोडून. तिथं गेलं की साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीला, बसलेले असतात. व्हीसी संपली की दुसरी व्हीसी. मी अधिकाऱ्यांना दोष देत नाही, एका माणसाच्या डोक्यावर सभागृहाचं, अध्यक्षांचं, समित्यांचं आणि स्वतःचं असं सगळं ओझं ठेवल्यावर दुसरं काय होणार? पण प्रस्ताव ठेवणारे तेच, मंजूर करणारे तेच, आणि मंजूर झाला नाही म्हणून तक्रार करायची तर ती ऐकणारेही तेच, याला कारभार म्हणा, स्वराज्य म्हणू नका. चौसष्ट सदस्यांच्या सभेत निदान भांडणं व्हायची. पेपरात छापून यायची. त्या भांडणातून आम्हाला कळायचं की कुठल्या गटाला किती खोल्या मिळाल्या आणि कुठल्या गटाच्या तोंडाला पानं पुसली.

त्या चौसष्टांत निम्म्या बायका होत्या. कायद्यानंच पन्नास टक्के. तुमच्या आठांत एकही नाही. सांगलीच्या आठांत तासगावच्या सुमनताई आहेत, एकट्या. म्हणजे २० मार्चपासून आमच्या जिल्ह्याच्या राजकारणातून एका झटक्यात किती बायका बाहेर गेल्या, आणि त्याबद्दल एका तरी व्यासपीठावर कोणी हळहळ व्यक्त केली का? महिला दिनाला पैठणीचे खेळ मात्र झाले.

आणि आता तुमच्यापैकी बरेच जण ज्यांना मत द्यायला निघाला आहात, त्यांच्याबद्दल. द्रौपदी मुर्मू थेट आमदार किंवा राज्यपाल झाल्या नाहीत. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातल्या रायरंगपूर नावाच्या लहानशा गावी, १९९७ साली, त्या नगरपंचायतीच्या नगरसेविका म्हणून निवडून आल्या. तिथून २००० साली विधानसभा, मग राज्यात मंत्री, २०१५ ला झारखंडच्या राज्यपाल. त्याआधी त्या शिक्षिका होत्या, हे मला जास्त जवळचं. आता कल्पना करा, १९९७ साली ओडिशात कोणीतरी म्हणालं असतं की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, सध्या रायरंगपूरला प्रशासक राहू दे. त्या बाई कुठून पुढं आल्या असत्या? गेले तीन आठवडे तुमचे प्रवक्ते आदिवासी समाजातल्या नगरसेविकेचा राष्ट्रपती भवनापर्यंतचा प्रवास सांगताहेत. तो प्रवास ज्या पायरीवरून सुरू झाला ती पायरी साताऱ्यात आज बंद आहे. जावळीच्या एखाद्या कातकरी वस्तीवरच्या मुलीनं कुठून सुरुवात करायची ते सांगा.

विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हा यांना मत देणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. लोकशाही संस्था वाचवण्यासाठी लढतोय, असं त्यांची बाजू म्हणते. मग मार्चपर्यंत राज्यात सत्ता कोणाची होती, आणि लोकशाही संस्थेत जिल्हा परिषद धरायची की नाही, एवढं आम्हाला समजावून सांगा.

आता कराडचं बोलल्याशिवाय कराडच्या माणसाचं पत्र पुरं कसं होईल? यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र जिल्हा परिषद आणि पंचायत समिती अधिनियम, १९६१ झाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. म्हणजे यंदाच्या १ मेला त्यांची साठ वर्षं पूर्ण झाली. ज्या माणसानं हे रोप लावलं त्याच्याच जिल्ह्यात साठी साजरी झाली ती प्रशासकाच्या सहीनं. निवडून आलेला एक सदस्य हार घालायला नव्हता. प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपुढं मात्र तुमची रांग असते. मंत्रिपद मिळालं की समाधी, गेलं की समाधी, पक्ष बदलायचा असला तरी आधी समाधी.

यशवंतरावांचं आणि राष्ट्रपती निवडणुकीचंही एक जुनं प्रकरण आहे. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले. जुलैत बंगळुरूला काँग्रेसच्या संसदीय मंडळात उमेदवार ठरवायची वेळ आली. इंदिरा गांधींना नको असताना नीलम संजीव रेड्डींच्या नावावर बहुमत झालं, आणि त्या बहुमतात तेव्हा साताऱ्याचे खासदार असलेल्या यशवंतरावांचं मत होतं. पुढं इंदिराजींनी सदसद्विवेकबुद्धीनं मतदान करा म्हणून सांगितलं, वराहगिरी गिरी अपक्ष उभे राहिले, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि रेड्डी थोडक्यात पडले. वर्ष संपायच्या आत पक्ष फुटला. यशवंतराव राहिले इंदिराजींबरोबर. त्यावरून त्यांना दोन्हीकडून बोलणी बसली, कुंपणावरचे म्हणून. मला त्यात कोणाची बाजू घ्यायची नाही. पण त्यांनी बंगळुरूत कुणाच्या बाजूनं हात वर केला ते देशाला माहीत होतं, आजही माहीत आहे, आणि त्याची किंमत त्यांनी उघड्यावर मोजली.

तुम्ही सोमवारी कोणाला मत देणार ते आम्हाला ठाऊक नाही. पक्षानं काय ठरवलं ते पेपरात येतं. तुम्ही काय ठरवलं ते नाही. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. राज्यसभेला मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, इथं तीही कोणाला दाखवायची नाही. म्हणजे हे मत असं, जे तुम्ही कोणाच्याही दबावाशिवाय देऊ शकता. असं असताना एकाही आमदारानं मतदारसंघात बसून सांगितलं नाही, की बाबांनो, तुमचे १७५ मी अमुक एकाला देणार आहे आणि त्याचं कारण हे. गुप्तता मतपत्रिकेला आहे, तोंडाला नाही. शनिवारी, रविवारी तुम्ही मतदारसंघातच असाल. एखाद्या गावच्या पारावर पंधरा मिनिटं बसा आणि सांगा. लोक ऐकतील, कदाचित भांडतील. भांडू देत.

दुसरं मागणं सोमवारचंच. आठही जण एका छताखाली येण्याचे प्रसंग हल्ली कमी. सोमवारी याल. मतदान झालं की तिथंच एका कागदावर आठ सह्या करा आणि मुख्यमंत्र्यांना द्या. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे कोयनेच्या बॅकवॉटरकाठच्या दरे गावचे, म्हणजे घरचेच. कागदावर दोनच ओळी असू द्यात. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक कधी, तारीख सांगा. आणि जिल्ह्याला पालकमंत्री कधी, तेही सांगा.

पालकमंत्र्यांचं मुद्दाम लिहिते, कारण ३० जूनपासून राज्याच्या मंत्रिमंडळात दोनच माणसं आहेत, आणि बाहेर जुलैचा पाऊस आहे. येत्या आठवड्यात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळ्यावर दरड कोसळून वर्ष होईल. त्या रात्री माणसं गाडली गेली, जी वाचली त्यांच्या कायमच्या घरांचं काम अजून कागदावर आहे. सांगलीत पावसाळा आला की लोक आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडं डोळे लावून बसतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. कोयनेतून किती सोडायचं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणवाल्यांशी कोणी बोलायचं, वस्ती कधी हलवायची, हे सगळं जिल्हाधिकारी करतील, करतातही. पण डोंगरातल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांचा नंबर माहीत नसतो. त्याला गटाचा सदस्य माहीत असायचा. रात्री अकराला त्याच्या दारात जाऊन, प्रसंगी शिव्या घालून, त्याला उठवता यायचं. यंदा उठवायचं कोणाला? खाली सदस्य नाही, वर पालकमंत्री नाही, आणि मधले तुम्ही मुंबईत मतदानाला.

आज गुरुपौर्णिमा. चौकाचौकांत फ्लेक्स लागलेत. यंदा कोणी कोणाला गुरू म्हणायचं याचा जरा घोळच दिसतोय, दोन-तीन फ्लेक्सवर जुन्या फोटोच्या जागी नवा डकवलेला स्पष्ट कळतो. तुमच्या हाताखालच्या ज्या पोरांनी ते लावलेत, त्यातल्या कित्येकांना जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं. त्यांच्यासाठी तरी सही करा. निवडणूक झाली नाही तर ती पोरं तुमच्याच तिकिटावर डोळा ठेवतील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शाळेच्या निर्लेखन प्रस्तावाची झेरॉक्स माझ्याकडं आहे. ज्या आमदारांना पाहिजे त्यांनी माणूस पाठवावा, शाळेचं नाव त्याला तोंडी सांगेन.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, कराड तालुका

ता. क. १५ ऑगस्टला साताऱ्यात मुख्य ध्वजवंदन पालकमंत्र्यांच्या हस्ते होतं. स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, शाळांना आतापासून तयारीची पत्रं आली आहेत. निमंत्रणपत्रिकेवर नाव कोणाचं छापायचं ते जरा लवकर कळवा.